गाव, दवाखाना, जत्रा : सीमाभागात समान वागणुकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात आम्ही पाच-सहा जण दर शनिवारी एका ओळखीच्या दुकानाच्या माडीवर बसतो. अर्ज भरून देतो, कचेरीत सोबत जातो, कन्नडमधून आलेलं पत्र मराठीत वाचून दाखवतो. खानापूर, निपाणी, हुक्केरी, चिक्कोडीहून माणसं येतात; कधी पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजहूनही येतात. तिथे पुन्हा पुन्हा कानावर पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

आधीच आपल्यावर भाषेचा अन्याय होतोय. त्यात जातीचा, वंशाचा विषय काढून आपल्यातच फूट कशाला पाडायची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि आपल्याच माणसांकडून येतो. म्हणून त्याचं उत्तर आधी.

भाषेचा अन्याय खरा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून त्या तारखेला इथे काळा दिवस पाळला जातो. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा अजून चालू आहे. मी स्वतः वयाच्या पंधराव्या वर्षापासून त्या फेरीत चालते आहे.

माझ्या आईला एकदा रात्री छातीत भगभगायला लागलं. दवाखान्याचं नाव घेत नाही. "डाव्या हाताला मुंग्या आल्यात, जबड्यात कळ येतेय," असं ती सांगत होती. समोरची सिस्टर कन्नडमध्ये "एनागेती, एनागेती?" म्हणजे "काय झालंय?" विचारत होती. तिच्यामागे चाळीस माणसं उभी होती, तिचाही दोष नव्हता. तिने पित्ताची गोळी दिली. हृदयाचा पट्टा (ई.सी.जी.) निघाला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, वॉर्डातल्या एका मावशीने आईचं बोलणं कन्नडमध्ये सांगितल्यावर. आई वाचली. पण त्या रात्रीचा तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आपण बोलतोय आणि समोरच्याच्या लेखी तो नुसता आवाज आहे, हे तिला कळत होतं.

तसाच चेहरा मी त्याआधी आमच्या गावात पाहिला होता. कितीतरी वर्षांनी लक्ष्मीची यात्रा भरली होती. देवी गदगेवर बसलेली, घरोघरी पाहुण्यांची रीघ. दुपारी खालच्या गल्लीतल्या बायका जेवण न्यायला आल्या. त्यांना अंगणाच्या कडेला उभं केलं. काकूने हात लागणार नाही अशा बेताने वरूनच वाढलं. त्यात एक माझ्या वर्गातली होती. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो होतो. तिने पदर पसरला आणि वर पाहिलं नाही. मीही तिला हाक मारली नाही.

तिची मातृभाषा माझीच होती. काळ्या दिवसाच्या फेरीत तिचे वडील माझ्या वडिलांच्या शेजारून चालायचे. मोर्चात आपण संविधानाचं ३५०-अ कलम दाखवतो, प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून. त्याच संविधानाचं १७ वं कलम अस्पृश्यता नष्ट झाली असं सांगतं. पहिलं सरकारपुढे वाचायचं आणि दुसरं आपल्या अंगणात विसरायचं, हे मला जमत नाही. फूट त्या अंगणाच्या कडेला आधीच पडलेली आहे.

जात आणि वंश हे एकच का? हा तर अमेरिकेतला विषय ना?

एकच नाहीत. जातिव्यवस्था ही वेगवेगळ्या वंशांची विभागणी नाही, एकाच वंशातल्या लोकांची ती सामाजिक विभागणी आहे, असं डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच मांडलं होतं. संयुक्त राष्ट्रांनी १९६५ मध्ये वांशिक भेदभावाविरुद्धचा करार केला आणि भारताने १९६८ मध्ये त्याला मान्यता दिली. त्या करारात रंग, वंश यांच्याबरोबर 'जन्मकूळ' हाही शब्द आहे. त्या शब्दात जात येते की नाही यावर भारत सरकार आणि कराराची समिती यांच्यात मतभेद आहेत.

पण अनुभव सारखा आहे, हे ओळखायला मराठी माणसाला परदेशात जावं लागलं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, ती अमेरिकेत काळ्या लोकांना गुलामीतून सोडवणाऱ्या सदाचारी माणसांना अर्पण केली. ९९ वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईच्या तरुणांनी आपल्या संघटनेचं नाव तिथल्या ब्लॅक पँथरवरून दलित पँथर ठेवलं. विषय बाहेरून आलेला नाही. आपल्याच लोकांनी तो आधी जोडून दाखवला होता.

आणि आपल्या जिल्ह्यात तर वंशाचा प्रश्न शब्दशः आहे. पुढचं उत्तर वाचा.

खानापूरकडे दिसणारे सिद्दी लोक कोण? ते बाहेरचे आहेत का?

नाहीत. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गोव्यात गुलाम म्हणून माणसं आणली. त्यातली कित्येक पळून घाटावरच्या जंगलात शिरली, काही सुटका झाल्यावर आली. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, जोयडा या उत्तर कन्नडच्या तालुक्यांत त्यांची वस्ती जास्त आहे. धारवाड जिल्ह्यात आणि आपल्या खानापूर तालुक्यात हल्याळच्या बाजूला थोडी आहे. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. घरात बोलतात ती कोकणी, तिच्यात मराठी आणि कन्नड मिसळलेली. कित्तूर संस्थानासाठी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी १८३१ मध्ये फाशी दिली ती खानापूर तालुक्यातल्याच नंदगडला, आणि त्याच्या लढवय्या साथीदारांत गजवीर हा सिद्दी होता. म्हणजे कित्तूरच्या लढ्याचा अभिमान बाळगताना सिद्दींना परके म्हणायला जागाच राहत नाही.

तरी काय होतं ते सांगते. हल्याळहून येणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारी कॉलेजला जाणारी एक सिद्दी मुलगी बसली होती. कंडक्टरने सगळ्यांना कन्नडमध्ये तिकीट विचारलं आणि तिला तोडक्या इंग्रजीत "विच कंट्री?" ती म्हणाली, "खानापूर, एक." मागच्या सीटवरून एका बाईने तिच्या केसांना हात लावून पाहिला, लोकरीचा पोत पाहावा तसा. मुलगी खिडकीकडे सरकली. हे रोज होतं, असं तिने मला उतरताना सांगितलं. ज्या तालुक्यात तिच्या पणजीचं घर होतं, तिथे तिला रोज देश विचारला जातो.

कायद्याची बाजू अशी. २००३ मध्ये सिद्दींना अनुसूचित जमातीत घेतलं, पण फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यापुरतं. एक भाऊ हल्याळला आणि दुसरा खानापूरला असेल, तर एकाला दाखला आणि दुसऱ्याला काही नाही. २०२० च्या दुरुस्तीने बेळगाव आणि धारवाड जिल्हे त्यात आले. फरक किती मोठा आहे ते वनहक्क कायद्यात दिसतं. २००६ च्या त्या कायद्यानुसार जमातीच्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवावं लागतं. जमातीत नसलेल्याला मात्र त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं तिथे राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. जंगलात राहणाऱ्या माणसाने १९३० चा कागद कुठून आणायचा? आमच्याकडे आलेल्यांत ज्यांचे दावे जुन्या नियमाखाली फेटाळले गेले होते, त्यांना आम्ही ग्रामसभेत नव्याने अर्ज करायला सांगतो. खानापूरच्या रानातल्या गवळी धनगरांना अजून ७५ वर्षांचाच पुरावा द्यावा लागतो.

त्याच वर्षी, २०२० मध्ये, शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्त झाले. सिद्दी समाजातले ते पहिले आमदार.

आणखी एक. सिद्दी बायका जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची जी कवंडी शिवतात, ती आपल्या वाकळेची बहीणच म्हणा. पण आपली वाकळ आधी पसरून मग टाचतात. त्या बायका कडेपासून सुरुवात करून आत आत मध्यापर्यंत येतात आणि चार कोपऱ्यांना चार घड्या घालतात, त्यांना 'फुला' म्हणतात. फुलाशिवायची कवंडी त्यांच्या लेखी उघडी. आता शहरात हीच कवंडी महाग विकली जाते. विकत घेणार असाल तर शिवणाऱ्या बाईच्या हातात किती पैसे गेले ते विचारून घ्या.

सिकलसेल हा 'काळ्या लोकांचा' आजार आहे, हे खरं का?

नाही. तो रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाचा जोर होता तिथल्या लोकांत जास्त आढळतो, मग ते आफ्रिकेत असोत वा मध्य भारतात. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली. कर्नाटकही त्यात आहे आणि आदिवासी भागात ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी मोफत करायची आहे. तपासणी जरूर करा. पण तिचं कार्ड लग्न मोडायला किंवा कुणाला दूर ठेवायला वापरू देऊ नका.

सगळ्यांना एकच नियम लावला की झाली समानता. मग वेगळ्या सवलती कशाला?

आमच्याकडच्या एका आरोग्य केंद्राची गोष्ट घ्या. सकाळी नऊला चिठ्ठ्या वाटायला सुरुवात, आल्या क्रमाने नंबर, एक वाजता खिडकी बंद. नियम सगळ्यांना सारखा. पण रानातल्या वाडीवरून येणारी बाई चार किलोमीटर चालून पहिली एस.टी. धरते आणि साडेअकराला पोचते. तोवर गावातल्यांच्या साठ चिठ्ठ्या झालेल्या असतात. पावसाळ्यात भीमगड अभयारण्यातल्या वाड्यांवरून आजारी माणसाला बांबूला झोळी बांधून नदी-नाले ओलांडत आणावं लागतं. त्याला नंबर कितवा द्यायचा?

उशिरा पोचणाऱ्यांसाठी दहा चिठ्ठ्या राखून ठेवल्या, तर गावातल्या कुणाचं काही जात नाही आणि त्या बाईचा दिवस वाया जात नाही. समन्याय म्हणतात तो हाच. आरक्षणाचं तत्त्वही हेच आहे. ते आपल्या शेजारच्याच संस्थानात सुरू झालं: कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासलेल्यांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या. इथला मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या ३-ब या प्रवर्गात आहे आणि जास्त आरक्षणाचा २-अ मागतो आहे. ही मागणी करणाऱ्याने दुसऱ्याच्या राखीव जागेवर नाक मुरडू नये, एवढंच मला वाटतं.

दवाखान्यात वेगळं वागवलं तर काय करायचं?

आधी वेगळं म्हणजे काय ते नीट पाहू. उघड नकार आता कमी झालाय. पण नाडी न धरता लांबूनच औषध लिहिणं, बाळंतिणीला कोपऱ्यातली खाट देणं, आडनाव ऐकल्यावर आवाज बदलणं, हे चालूच आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून दवाखान्यात प्रवेश नाकारणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची किंवा जमातीची असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागतो. तारीख, वेळ, कामावर कोण होतं आणि नेमके शब्द काय होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. आठवड्याने शब्द बदलतात.

एच.आय.व्ही. असलेल्यांना उपचार नाकारणं किंवा त्यांच्याशी भेदभाव करणं २०१७ च्या कायद्याने बंद केलंय. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. केसपेपरवर लाल शाईने मोठ्या अक्षरात लिहून खाटेला लटकवणं हेही त्यात बसत नाही. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही, नवऱ्याच्या भावाला तर नाहीच.

भाषेचं म्हणाल, तर २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा असलेले साधारण १९ टक्के होते. जिथे अल्पसंख्य भाषेचे लोक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षण योजनेत ठरलेलं आहे. ऑपरेशनचं संमतीपत्रक कळल्याशिवाय सही करू नका. "मला समजेल अशा भाषेत वाचून दाखवा" एवढं म्हणायचा हक्क आहे. आणि आपल्या वॉर्डात लंबाणी बोलणारी, उर्दू बोलणारी बाई गोंधळून बसली असेल आणि आपल्याला थोडं कन्नड येत असेल, तर उठून तिच्याजवळ जा. माझ्या आईसाठी उठलेली मावशी कन्नडिग होती.

निपाणीच्या वखारींतल्या बायकांची खोकल्याची तक्रार आजार आहे की धंद्याचा भाग?

आजार आहे. तंबाखू चाळताना उडणारा खकाणा नाकातोंडात जातो, घरी विडी वळताना तान्हं मूल मांडीवर असतं. निपाणीत या कामात दलित, मुसलमान आणि देवदासी बायका मोठ्या संख्येने आहेत. जात, बाईपण आणि फुप्फुसं यांचा संबंध तिथे दिसतो. कामाची जागा, हवा, पाळणाघर यांचे नियम आधी १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात होते, नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. विडी कामगाराचं ओळखपत्र काढून घ्या. "धंदाच तसा आहे" म्हणून खोकला अंगावर काढू नका, दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासा.

महाराष्ट्राची आरोग्य योजना आम्हाला लागू आहे का?

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी जाहीर केली आणि कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली. राजकारण काही असो, जाण्याआधी योजनेतल्या दवाखान्याच्या आरोग्यमित्राला, म्हणजे तिथल्या मदतनिसाला, फोन करून कागद कोणते लागतात ते विचारून घ्या. कर्नाटकातल्या आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकचं कार्डही काढून ठेवा. दोन्ही घेण्यात निष्ठेचा प्रश्न नाही.

पोलिसांत तक्रार द्यायची, पण कन्नड येत नाही.

आपली तक्रार मराठीत स्वतःच्या हाताने लिहून न्या, दोन प्रतींत. एकीवर पोच घ्या. तुम्ही तोंडी सांगितलेलं लिहून घेतल्यावर ते तुम्हाला वाचून दाखवणं आणि मग सही घेणं, हे पोलिसांवर कायद्याने बंधनकारक आहे. न कळलेल्या कागदावर सही करू नका. एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते. तक्रार अनुसूचित जाती-जमातीच्या माणसावरच्या अत्याचाराची असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या ४ थ्या कलमानुसार, ही कामं जाणूनबुजून टाळणाऱ्या सरकारी नोकराला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा होऊ शकते. हे वाक्य शांतपणे उच्चारलं तरी बऱ्याचदा पुरतं. अशा तक्रारीचा तपास डी.वाय.एस.पी.च्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो आणि आरोपपत्र साठ दिवसांत जायला हवं. आरोपीला अटकपूर्व जामीन मिळू नये अशी तरतूद १८ व्या कलमात आहे.

घटना हद्दीपलीकडे घडली असेल, समजा चंदगडला आणि तुम्ही राहता बेळगावला, तरी इथल्या ठाण्यात 'झिरो एफ.आय.आर.' नोंदवता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते स्पष्ट लिहिलं आहे. "आमची हद्द नाही" ऐकून परत फिरू नका.

१४५६६ हा अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. मोफत वकिलासाठी १५१००. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना आणि कुठल्याही जातीच्या बाईला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो.

वाळीत टाकलं तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा वापरता येईल?

तो कायदा महाराष्ट्रापुरता आहे. आजऱ्यात लागतो, खानापुरात नाही. इथे वाळीत टाकलेलं कुटुंब अनुसूचित जाती-जमातीचं असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्यातच सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा आहे: किराणा बंद, दळण बंद, मजुरीला न बोलावणं, सगळं त्यात येतं.

मी गडहिंग्लजची, लग्न करून हुक्केरीला आले. माहेरचा जातीचा दाखला इथे चालत का नाही?

या प्रश्नाला आमच्याकडे दर महिन्याला दोन-तीन बायका येतात. अनुसूचित जाती-जमातींची यादी प्रत्येक राज्याची वेगळी असते. एका राज्यातून दुसऱ्यात गेलेल्या माणसाला नव्या राज्याच्या सवलती मिळत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९० आणि १९९४ मध्ये ठरवलं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या वेळी तुमच्या वडिलांकडचं घराणं कुठे राहत होतं, ते धरलं जातं. रस्त्याने चाळीस किलोमीटर, तेच आडनाव, तीच देवी, पण मध्ये हद्द. जात बाईच्या बरोबर येते, हक्क मात्र हद्दीवरच अडवला जातो. मला हा निकाल सीमाभागातल्या बायकांसाठी फार जाचक वाटतो.

मार्ग काय? केंद्र सरकारच्या नोकरीसाठी आणि शिक्षणासाठी माहेरच्या राज्याचा दाखला चालतो. मुलांचा दाखला नवऱ्याच्या घराण्यावरून नाडकचेरीत (इथल्या महसूल कचेरीत) काढा, वेळेत काढा. आणि अत्याचाराविरुद्धचं संरक्षण? २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने म्हटलं की ते राज्याच्या हद्दीवर संपत नाही. कर्नाटकातल्या न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण तुमच्या वकिलाला तो दाखवता येतो.

यल्लम्मा आमची कुलदेवता आहे. देवदासीचा विषय काढला की देवीचा अपमान होतो, असं घरात म्हणतात.

सौंदत्तीच्या डोंगरावर मीही जाते. मार्गशीर्षातली रांडाव पुनव आणि माघातली अहेव पुनव दोन्ही पाळणारं आमचं घर आहे. भंडारा कपाळाला लावला, चौंडक्याचा आवाज कानावर आला की अंगावर काटा येतो. देवी आणि मुलगी सोडणं या दोन गोष्टी आहेत. कुठली मुलगी सोडली जाते ते पाहिलं की पुरे. सावकाराची नाही, गौडाची नाही. केसात जट झाली की दलित घरातल्या मुलीला देवीने बोलावलं म्हणायचं. तीच जट मोठ्या घरात तेल लावून सोडवायची.

मुंबई इलाख्यात याविरुद्ध १९३४ मध्ये कायदा झाला, कर्नाटकाने १९८२ मध्ये नवा केला, २०२५ मध्ये पुन्हा नवा. १९८२ च्या कायद्यात मुलगी सोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. सोडणारे आईबाप किंवा नातलग असले तर दोन ते पाच वर्षं होती. देवदासीने केलेलं लग्न कायदेशीर आहे, आणि त्या लग्नाची मुलं औरस आहेत. हे शाळेत बापाच्या नावाचा रकाना अडवणाऱ्या मास्तरांना सांगायला हवं.

या जिल्ह्यातल्या सितव्वा जोडट्टींना सातव्या वर्षी देवीला सोडलं होतं. त्यांनी घटप्रभेच्या भागात देवदासी बायकांची संघटना उभी केली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एवढं करून दाखवणाऱ्या बाईचं नाव आपल्या मराठी शाळांत किती मुलींना माहीत आहे?

जोगप्पांना, म्हणजे यल्लम्माला वाहिलेल्या तृतीयपंथीयांना, जत्रेत पाया पडतात आणि घर भाड्याने देत नाहीत. त्यांना हक्क आहेत का?

आहेत. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क कायद्यात घर, दवाखाना, शाळा, नोकरी कुठेही भेदभाव करायला बंदी आहे. सरकारी नोकरीत तृतीयपंथीयांसाठी एक टक्का जागा राखणारं कर्नाटक हे पहिलं राज्य, २०२१ पासून. ओळखपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं.

गटारात उतरायला सांगितलं तर पौरकार्मिक (सफाई कामगार) नाही म्हणू शकतो?

म्हणू शकतो, म्हणायलाच हवं. २०१३ च्या कायद्याने माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये धोकादायक रीतीने उतरवायला बंदी आहे, मग तो ठेकेदाराचा माणूस असो वा खाजगी घरमालकाने बोलावलेला. मृत्यू झाल्यास द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. तुमच्या घरची टाकी भरली असेल तर यंत्र मागवा. "तो तयार आहे हो" हे उत्तर नाही; पाचशे रुपयांसाठी तो तयार होतो.

आपल्या भागात या चळवळीचा काही इतिहास आहे का?

भरपूर आहे आणि आपण तो विसरलो आहोत. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव. ते सगळ्यांना पाठ असतं. पण चारच महिन्यांनी, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणीला डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाख्यातल्या बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली होती. त्याआधी मार्च १९२० मध्ये माणगावला शाहू महाराजांनी त्यांचा सत्कार करून "हा तुमचा पुढारी" असं सांगितलं होतं. माणगाव आपल्या निपाणीपासून दूर नाही. १९२९ मध्ये आंबेडकरांनी धारवाडला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं, त्या कामात बळवंतराव वराळे हे त्यांचे सहकारी होते.

बळवंतरावांचे नातू प्रसन्न वराळे यांचा जन्म निपाणीचा. ते कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असताना, डिसेंबर २०२३ मध्ये, बेळगाव तालुक्यातल्या वंटमुरीत मुलगा एका मुलीला घेऊन पळाला म्हणून त्याच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधलं गेलं. न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि हात बांधून पाहत राहिलेल्या गावकऱ्यांबद्दलही कडक शब्द वापरले. न्यायमूर्ती वराळे आता सर्वोच्च न्यायालयात आहेत.

आमच्या गावात असं काही नाही. मग?

असेल तर आनंदच आहे. तरी एकदा पाहून घ्या. न्हाव्याच्या दुकानात सगळ्यांचे केस कापले जातात का? चहाच्या टपरीवर कुणाला कागदी कप आणि कुणाला काचेचा ग्लास मिळतो? मसणवट एकच आहे का, आणि पावसात खालच्या गल्लीतलं मढं कुठल्या वाटेने जातं? अंगणवाडीत स्वयंपाक कोण करतं, आणि दलित बाई लागली तेव्हा किती पोरं डबा घेऊन यायला लागली? भजनी मंडळात वीणा कुणाच्या गळ्यात असते? हे गावातल्या पाटलाला विचारू नका, खालच्या गल्लीतल्या म्हातारीला विचारा, आणि तिच्या घरी बसून, तिच्या हातचा चहा घेत विचारा.

पुढच्या यात्रेत आम्हाला पंगत एकच ठेवायची आहे. सुरुवात कुठून करू?

यात्रेच्या सहा महिने आधी. हक्कदार, मानकरी ठरतात त्या पहिल्याच बैठकीत विषय काढा, ऐन यात्रेत काढलात तर "आता नको" एवढंच ऐकाल. आमच्या गावात तो विषय माझ्या वर्गमैत्रिणीने काढला, मी फक्त दुजोरा दिला. ओरडा झाला. एक म्हातारे मानकरी बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "शाळेच्या मैदानात वाढा. तिथं पोरं बसतातच एकत्र." त्यावर ठरलं. बसायचं आल्या क्रमाने, वाढायला प्रत्येक गल्लीतली दोन माणसं, घरून जेवण न्यायची पद्धत बंद. पाच घरं जेवायला आली नाहीत. त्यात आमच्या काकूचं घर होतं. बाकी गाव आलं.

ठराव तोंडी ठेवू नका. इतिवृत्तात मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून घ्या, सगळ्या गल्ल्यांच्या सह्या घ्या, आणि एक प्रत ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या. मसुदा हवा असेल तर शनिवारी माडीवर या, आमच्या गावच्या ठरावाची प्रत तिथे फाइलला लावलेली आहे.